झँडर बोगार्ट्स डिसेंबरात नव्हे, वसंतातच गेला : बोस्टन रेड सॉक्सच्या मालकांना खुले पत्र

27 डिसेंबर 2022

प्रति,
श्री. जॉन हेन्री, श्री. टॉम वर्नर आणि श्री. सॅम केनेडी,
बोस्टन रेड सॉक्स, फेनवे पार्क, बोस्टन

सप्रेम नमस्कार.

7 डिसेंबरच्या रात्री झँडर बोगार्ट्सने सॅन डिएगो पाद्रेस या बेसबॉल संघाशी 11 वर्षांचा, 28 कोटी डॉलरचा करार मान्य केल्याची बातमी आली आणि वयाच्या सोळाव्या वर्षी अरूबाहून आपल्या संघात दाखल झालेला, दहा मोसम बोस्टनकडून खेळलेला आणि दोन वर्ल्ड सिरीज (मोसमाच्या अंतिम मालिका) जिंकून देणारा आपला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) एका रात्रीत परका झाला. त्यानंतर आपल्याकडून जे काही ऐकू आले त्याचा आशय एवढाच होता की बाजार आमच्या हिशेबाच्या फार पुढे गेला, आम्ही तरी काय करणार. हा खुलासा अपुरा आहे असे माझे मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. याचा इंग्रजी मसुदा आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवत आहे. मराठीत लिहिण्याचे कारण असे, की बोस्टनच्या आसपासच्या गावांत राहणारी शेकडो मराठी कुटुंबे क्रिकेटवर वाढली असली तरी आज रेड सॉक्सची आहेत. त्यांची मुले लिटल लीगमध्ये खेळतात, पाठीवर झँडरचा 2 क्रमांक असलेला शर्ट घालून शाळेत जातात आणि आई-वडिलांना विचारतात की झँडर का गेला. त्यांना द्यायला खरे उत्तर हवे.

बेसबॉल जवळून न पाहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, सहा वर्षांची सेवा पुरी होईपर्यंत खेळाडूला संघ निवडण्याचा हक्क नसतो. ती पुरी झाली आणि हातातला करार संपला की तो फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा होतो. हा हक्क खेळाडूंना 1975 च्या डिसेंबरात, पीटर साइट्झ या लवादाच्या निर्णयाने मिळाला. त्याआधी खेळाडू जन्मभर मालकाच्या मुठीत असे. तेव्हा झँडरने हा हक्क वापरला याबद्दल माझ्या मनात तिळमात्र राग नाही. बोस्टनचे काही चाहते त्याला पैशांचा लोभी म्हणत आहेत, ते मला अजिबात मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे 2019 च्या वसंतापासून सांगावे लागेल.

त्या वर्षी फेब्रुवारीत, फोर्ट मायर्सच्या सराव शिबिरात, श्री. हेन्री, आपण पत्रकारांसमोर एक कबुली दिली होती. 2014 च्या वसंतात जॉन लेस्टरबाबत आपल्या संघाने मोठी चूक केली, असे आपण स्वतःहून मान्य केले. ती चूक कोणती हे बोस्टनमध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कर्करोगातून बरा होऊन मैदानात परतलेला आणि 2007 व 2013 ची अजिंक्यपदे जिंकून देणारा हा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा), कमी पैशांत का होईना, इथेच राहायचे आहे असे सांगत होता, आणि आपण त्याच्यापुढे चार वर्षे आणि 7 कोटी डॉलर ठेवले. जुलैअखेर त्याला ओकलंडला पाठवावे लागले. डिसेंबरात तो 15.5 कोटी डॉलरवर शिकागो कब्जकडे गेला आणि दोन वर्षांनी त्या संघाचा 108 वर्षांचा दुष्काळ संपवणाऱ्या चमूत उभा राहिला. इकडे त्याची जागा भरण्यासाठी आपल्याला डेव्हिड प्राइस यांना सात वर्षांचे 21.7 कोटी डॉलर मोजावे लागले. बैल गेला आणि झोपा केला, असे आमच्याकडे याला म्हणतात.

आपली कबुली मनापासूनची होती याचा पुरावा लगेच मिळाला. त्याच वसंतात आपण दोन खेळाडूंशी लांब मुदतीचे करार केले. पिचर क्रिस सेल यांना पाच वर्षांसाठी 14.5 कोटी मिळाले आणि झँडरला सहा वर्षांसाठी 12 कोटी. झँडरचे एजंट स्कॉट बोरास. खेळाडूला खुल्या बाजारात उतरवून शेवटचा डॉलर काढून घेण्यासाठी ते प्रसिद्ध आहेत. असे असताना, फ्री एजंट व्हायला एकच मोसम उरला असताना, झँडरने बाजाराची वाट न पाहता वर्षाला 2 कोटीच्या दराने बोस्टनलाच पसंती दिली. त्या मोसमात त्याने .309 च्या सरासरीने (म्हणजे दर हजार प्रयत्नांत 309 यशस्वी फटके) 33 होम रन मारले. करार लागू झाल्यानंतरच्या तीन मोसमांत त्याची सरासरी .300, .295 आणि .307 होती. याच काळात त्याच्या तोलाचे शॉर्टस्टॉप कुठे पोहोचले ते पाहा. फ्रान्सिस्को लिंडॉर 34.1 कोटींवर, कोरी सीगर 32.5 कोटींवर. झँडर मात्र बोस्टनमध्ये 2 कोटींवर खेळत राहिला आणि त्याबद्दल कधी कुरकुरला नाही. लोभी माणसाची वागणूक अशी नसते.

सेल यांचा करार तुम्हाला फार महागात पडला, हे मी नाकारत नाही. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2020 चा पूर्ण मोसम गेला, 2021 मध्ये नऊ सामन्यांना सुरुवात केली, या वर्षी फक्त दोन. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मी समजू शकते. पण त्या एकाच वसंतातल्या दोन करारांपैकी तुम्ही धडा घेतलात तो फक्त पहिल्याचा. दुसऱ्या करारातला माणूस रोज मैदानात होता, रोज सामना संपल्यावर, जिंकले काय किंवा हरले काय, लॉकरसमोर उभा राहून पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देत होता, आणि इंग्रजी, स्पॅनिश, डच व पापियामेंतो या चार भाषा येत असल्यामुळे त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलू शकत होता. विश्वास कुणावर टाकावा, याचे उत्तर आपल्याच ड्रेसिंगरूममध्ये तीन वर्षे उभे होते.

आता या वर्षीच्या वसंताकडे येते, कारण घोडे पेंड खाते ते इथेच. 2019 च्या करारात झँडरला 2022 नंतर बाहेर पडण्याची मुभा होती आणि त्याच्या तोलाच्या खेळाडूंचे भाव पाहता तो ती वापरणार हे उघड होते. मार्चमध्ये आपण कोलोराडोचा शॉर्टस्टॉप ट्रेव्हर स्टोरी याला सहा वर्षांसाठी 14 कोटी डॉलर देऊन आणले आणि झँडर शॉर्टस्टॉपला असल्यामुळे त्याला सेकंड बेसवर उभे केले. त्याच सुमारास, बातम्यांनुसार, आपण झँडरपुढे जो प्रस्ताव ठेवला तो असा होता : उरलेल्या तीन वर्षांच्या 6 कोटींना हात न लावता शेवटी एक वर्ष आणि 3 कोटी डॉलर जोडायचे. म्हणजे एकूण चार वर्षे, 9 कोटी. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची मी आपल्याला विनंती करते. स्टोरी आणि झँडर यांच्या वयात दीड महिन्याचेही पूर्ण अंतर नाही. दोघे 1992 चे, एक ऑक्टोबरचा, दुसरा नोव्हेंबरचा. बाहेरून आलेल्याला सहा वर्षांची हमी मिळाली आणि घरच्याला चार वर्षांची. बाहेरच्याला वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त मिळाले आणि घरच्याला तेवढेही नाही. दोन वर्ल्ड सिरीज, चार ऑल-स्टार निवडी, संघाचे नेतृत्व, स्वखुशीने घेतलेला कमी मोबदला, हे सगळे वजा करूनसुद्धा हा हिशेब बसत नाही. प्रस्ताव देऊन तोंडाला पाने पुसणे ते हेच.

त्या वसंतात झँडर किती रकमेवर थांबला असता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याला राहायचे होते, हे त्याने 2019 मध्ये सहीने दाखवून दिले होते, आणि 28 कोटींची गरज तेव्हा नक्कीच नव्हती. डिसेंबरात आपला शेवटचा आकडा सहा वर्षांसाठी सुमारे 16 कोटी होता, असे वाचले. हाच आकडा मार्चमध्ये टेबलावर असता तर निदान बोलणी सुरू झाली असती. वर्षभर आपले मुख्य बेसबॉल अधिकारी श्री. हाइम ब्लूम सांगत राहिले की झँडर हीच आमची पहिली पसंती आहे. पहिली पसंती असलेल्या माणसाला असा प्रस्ताव देत नाहीत, आणि वर्षभर ते वाक्य ऐकत बसलेल्या झँडरलाही ते कळत असणारच.

मला 11 वर्षांचा करार देण्याची मागणी करायची नाही, हे स्पष्ट लिहिते, म्हणजे पत्राचा विपर्यास होणार नाही. तो करार संपेल तेव्हा झँडर 41 वर्षांचा असेल आणि त्या वयात क्वचितच कोणी शॉर्टस्टॉप खेळतो. 7 डिसेंबरच्या रात्री 28 कोटींना नाही म्हणणे शहाणपणाचे असू शकते. जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायचे नसते, हे आपण पूर्वी दाखवले आहे. 2013 च्या अजिंक्यपदानंतर जेकोबी एल्सबरी यांकीजकडे सात वर्षांच्या 15.3 कोटींवर गेले आणि आपण त्यांना जाऊ दिले. पुढे दुखापतींनी त्यांना ग्रासले आणि 2017 नंतर ते एकही सामना खेळू शकले नाहीत. योगायोगाने त्यांचा 2 क्रमांकाचा शर्ट त्यानंतर झँडरच्या अंगावर आला. तेव्हा हिशेब करणे हा दोष नाही. दोष आहे तो वेळेचा. ज्या महिन्यात खेळाडू तुमच्या बाजूला झुकलेला असतो त्या महिन्यात तुम्ही कंजूषपणा करता, आणि ज्या रात्री तीस संघ बोली लावत असतात त्या रात्री बाजार महाग आहे म्हणून हात वर करता.

यांकीजशी तुलना बोस्टनच्या माणसाला आवडत नाही, मलाही आवडत नाही, पण इथे टाळता येत नाही. त्यांनीही या वसंतात आपला आघाडीचा फलंदाज अॅरन जज याला सात वर्षांचे 21.35 कोटी देऊ केले होते आणि त्याने ते नाकारले होते. त्याने 62 होम रन मारले, भाव वाढला, आणि झँडर गेला त्याच दिवशी सकाळी यांकीजने नऊ वर्षांचे 36 कोटी मान्य करून त्याला ठेवून घेतले. त्यांचा पहिला अंदाज चुकला, पण तो आकडा मुळात मोठ्या खेळाडूला शोभणारा होता, आणि चुकल्यावर त्यांनी किंमत मोजली. आपण त्याच दिवशी जपानचे मासाताका योशिदा यांना पाच वर्षांसाठी 9 कोटी दिले, त्यांच्या जपानी क्लबला दीड कोटी वेगळे. श्री. योशिदा चांगले फलंदाज आहेत आणि त्यांचे बोस्टनमध्ये मनापासून स्वागत आहे. पण 9 कोटी हा आकडा आम्ही विसरलेलो नाही. वसंतात झँडरपुढे ठेवलेली एकूण रक्कम तीच होती. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची ही सवय संघाला कुठे घेऊन चालली आहे?

ती कुठे घेऊन आली आहे हे तक्त्यावर दिसतेच. या शतकात चार वेळा, म्हणजे इतर कोणत्याही संघापेक्षा जास्त वेळा, वर्ल्ड सिरीज जिंकणारा हा संघ. 86 वर्षांची प्रतीक्षा तुमच्या मालकीत संपली आणि त्याबद्दल न्यू इंग्लंडमधले प्रत्येक घर तुमचे ऋणी आहे, मीसुद्धा. 2018 मध्ये 108 सामने जिंकून अजिंक्यपद घेतलेल्या त्या संघाने यंदा 78 जिंकले, 84 हरले आणि आपल्या विभागात तळ गाठला. विभागातल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध 26 विजय आणि 50 पराभव. गेल्या 11 मोसमांत तळाला जाण्याची ही पाचवी वेळ. 22 जुलैची रात्र तर विसरता येत नाही. फेनवेवर टोरंटोने 28 धावा केल्या, रेड सॉक्सविरुद्ध आजवर कोणी केल्या नव्हत्या एवढ्या. बेस भरलेले असताना रायमेल टापियाने उंच मारलेला चेंडू संधिप्रकाशात सेंटर फील्डर जॅरन डुरानला दिसेनासा झाला, तो हात पसरून जागीच उभा राहिला, चेंडू त्याच्या मागे पडून कुंपणाकडे गेला आणि चौघेही धावून होम प्लेटवर पोहोचले. डुरान तरुण आहे, सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्याय होईल. तशा रात्रीही सामन्यानंतर प्रश्नांना सामोरे जाणारा, संघाला सावरून धरणारा जो एक माणूस होता, तो आता सॅन डिएगोला आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपताना, आपण दोन्ही दगडांवर पाय ठेवलेत. कॅचर क्रिस्टियन वास्केझला ह्यूस्टनला दिले, तेही संघ ह्यूस्टनमध्येच खेळायला गेलेला असताना, पण बाकीच्या बहुतेकांना ठेवले आणि नवे दोघे-तिघे घेतले. त्यामुळे संघ प्लेऑफमध्येही गेला नाही आणि वेतनखर्च 23 कोटींच्या करमर्यादेच्या (जी ओलांडली की लीगला कर द्यावा लागतो) किंचित वरच राहिला. त्याचा परिणाम असा, की झँडर गेल्याच्या भरपाईदाखल मिळणारी ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांतली) निवड दुसऱ्या फेरीनंतर मिळायची ती चौथ्या फेरीनंतर मिळणार आहे. खर्चाच्या काटेकोरपणाचा इतका अभिमान बाळगणाऱ्या व्यवस्थापनाकडून हे व्हावे, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

आपला आघाडीचा फलंदाज असलेल्या मूकी बेट्सबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती जखम सर्वांना माहीत आहे. 2020 च्या फेब्रुवारीत तो लॉस एंजेलिसला गेला, जुलैत डॉजर्सने त्याच्याशी 36.5 कोटींचा करार केला आणि ऑक्टोबरात त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच्या बदल्यात आलेल्या तिघांपैकी जीटर डाउन्स या महिन्यात आपल्या यादीतूनही गेला. 2018 च्या अंतिम मालिकेत रोज फलंदाजीला उतरणाऱ्यांपैकी आज बोस्टनमध्ये एकटा रफाएल डेव्हर्स उरला आहे.

बोस्टनमध्ये हे दुखणे जुने आहे आणि ते सगळे आपल्या माथी मारणे बरोबर नाही. 1980 च्या डिसेंबरात त्या वेळच्या व्यवस्थापनाने कार्लटन फिस्कच्या कराराचा कागद ठरलेली मुदत उलटून गेल्यावर टपालात टाकला, आणि व्हरमाँटमध्ये जन्मलेला, न्यू हॅम्पशायरमध्ये वाढलेला, 1975 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात मध्यरात्रीनंतर चेंडूला हातांनी खुणावत होम रनची वाट दाखवणारा हा कॅचर मोकळा होऊन शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. तेरा मोसम तो तिकडे खेळला. आपण 2002 मध्ये संघ घेतलात तेव्हा असल्या गलथानपणाचा काळ संपला अशी आमची खात्री होती. आता टपाल वेळेवर जाते, पण त्यातला आकडा उशिरा मोठा होतो, आणि खेळाडू तसाच जातो.

पैसे नाहीत असे आपण म्हणू शकत नाही. फोर्ब्जने यंदा संघाची किंमत 390 कोटी डॉलर ठरवली आहे. फेनवेची तिकिटे देशातल्या सर्वांत महागड्या तिकिटांत मोडतात, आणि सगळे कुटुंब घेऊन एक सामना पाहायचा म्हटले तर मध्यमवर्गीय घराला महिन्याचे गणित मांडावे लागते. लिव्हरपूल हा फुटबॉल क्लब आपला आहे, गेल्या वर्षी पिट्सबर्ग पेंग्विन्स हा आइस हॉकी संघ घेतला. त्याला माझी हरकत नाही, व्यवसाय वाढवण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण ज्या शहरातून हे साम्राज्य उभे राहिले, त्या शहराला वर्षातून एकदा तरी मालकांच्या तोंडून ऐकायला मिळावे की इथे नेमके काय चालले आहे. श्री. ब्लूम यांना टँपा बेहून आपण आणलेत, मर्यादा आपण आखून दिल्यात, आणि चाहत्यांचा राग झेलायला मात्र ते एकटे पुढे उभे आहेत. हे मला योग्य वाटत नाही.

5 ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यात संघाचे मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) अॅलेक्स कोरा यांनी झँडरला डाव चालू असताना मैदानातून परत बोलावले, ते त्याला लोकांचा निरोप घेता यावा म्हणून. सगळे स्टेडियम उभे राहिले. तळाला गेलेल्या संघाचा, काहीही पणाला नसलेला सामना होता तो, आणि तरी लोक टाळ्या वाजवत राहिले, कारण त्यांना काय होणार ते कळले होते. एव्हरेट स्कॉटचा शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडून याच वर्षी रेड सॉक्ससाठी सर्वाधिक सामने शॉर्टस्टॉप खेळलेला माणूस तो. आपल्या संघाचा इतिहास ठाऊक असणाऱ्या लोकांच्या त्या टाळ्या होत्या.

माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली डेव्हर्सबद्दल. तो 26 वर्षांचा आहे, डोमिनिकन रिपब्लिकमधून किशोरवयात आपल्याकडे आला, झँडरला थोरल्या भावासारखा मानत मोठा झाला, आणि पुढच्या मोसमानंतर तोही फ्री एजंट होईल. त्याला फोर्ट मायर्सच्या शिबिरात पहिल्या दिवशी पोहोचण्याआधी असा प्रस्ताव द्या की जो त्याच्यासारख्याच थर्ड बेसमन ऑस्टिन रायलीला अटलांटाने दिलेल्या 21.2 कोटींशी मोजला जाणार नाही, तर खुल्या बाजारात डेव्हर्सला जे मिळेल त्याच्या जवळपास जाईल. आणि तसा विचार नसेल तर तेही आताच सांगा, म्हणजे वर्षभर ‘पहिली पसंती’ हे शब्द त्याला आणि आम्हाला पुन्हा ऐकावे लागणार नाहीत.

दुसरी मागणी : 20 आणि 21 जानेवारीला स्प्रिंगफील्डमध्ये आपले विंटर वीकेंड, म्हणजे चाहत्यांचा मेळावा, आहे. तिथे श्री. हेन्री आणि श्री. वर्नर यांनी स्वतः मंचावर यावे, चाहत्यांचे प्रश्न घ्यावेत, आणि 2014 च्या वसंतात जी चूक झाली असे आपणच मान्य केले होते, ती 2022 च्या वसंतात पुन्हा कशी झाली, याचे उत्तर द्यावे.

आपली,
मॅसॅच्युसेट्समधील एक मराठी रेड सॉक्स चाहती